क्रावीचा आवाज

हरप्रीतचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की हिला आता माझ्याकडून काय हवंय. पन्नास वर्षांत त्या घरातून कुणी आमच्याशी बोललं नव्हतं. आणि परवा मंगळवारी सकाळी मी मटार सोलत बसले असताना फोनवर एक अनोळखी बाई म्हणते, "आंटी, मैं हरप्रीत. ग्यानसिंगजी की बेटी. कीर्तीनगर के कारखानेवाले."

ग्यानसिंगांना जाऊन तीन महिने झाले होते. टिळकनगरचं घर आवरताना माळ्यावर चादरीत गुंडाळलेली एक गिटार सापडली होती. "आपके ही घर की होगी शायद. हमारे यहाँ तो गिटार का नाम लेना भी मना था. ले जाइए ना, आंटी."

त्या 'शायद'पाशी माझं घोडं अडलं. शायद का? हिला नक्की माहीत नाही, की माहीत असून सांगायचं नाही? मी संशयी आहे, हे मी कधी लपवलं नाही. लिफ्टमध्ये शेजारीण हसली तरी ती का हसली असेल, याचा मी पाचव्या मजल्यापर्यंत विचार करते. तरी मी जायचं ठरवलं. पर्समध्ये बारका स्क्रूड्रायव्हर टाकला आणि द्वारकेहून मेट्रो धरली. आईला म्हटलं, बँकेत जाऊन येते. आई नव्वदीला टेकली आहे. तिच्यासमोर ग्यानसिंगांचं नाव काढायचं नाही, असं का कुणास ठाऊक, पण आमच्याकडे ठरून गेलं होतं.

हरप्रीतनं चहा ठेवला, मठरी ठेवली, आणि ते बोचकं माझ्या पुढ्यात ठेवून ती समोर बसली. डोळे बापासारखेच, सावकाश बघणारे. मी चादरीची गाठ सोडली नाही. आतून वास आला. जुन्या लाकडाचा, आणि त्यात अजून तग धरून राहिलेल्या थिनरचा. हात गाठीवर राहिला आणि मी कीर्तीनगरला पोचले.

कीर्तीनगरच्या लाकडाच्या वखारींमागे पत्र्याची एक लांबट शेड होती. तिथं बाबा आणि ग्यानसिंग विजेच्या गिटारी बनवायचे. बाबा साताऱ्याकडचे, फौजेत वायरलेसवर होते. कँटोनमेंटमध्ये नोकरी संपली आणि ते गावी परतलेच नाहीत. ग्यानसिंग लाहोरचे, तीन पिढ्या हार्मोनियमच्या पेट्या करणाऱ्या घरातले, फाळणीत दिल्लीला आलेले. साठचं दशक सरत होतं. कॅनॉट प्लेसच्या रेस्टॉरंटांत दुपारच्या चहाला केस वाढवलेली पोरं वाजवायची, आणि त्यांना हवी ती गिटार परदेशातून येणं कठीण होतं. मग ती इथंच का करू नये, असं त्या दोघांतल्या कुणाला आधी वाटलं, ते मला ठाऊक नाही. नाव मात्र दोघांचं होतं. बाबांच्या गावाखालून कृष्णा वाहते, ग्यानसिंगांच्या घरामागून रावी वाहायची. दोन्ही मिळून क्रावी. गिटारीच्या डोक्यावर ते इंग्रजी अक्षरांत रंगवलं की गिऱ्हाईक विचारायचं, "इटालियन है क्या?" बाबा काही न बोलता फडक्यानं गिटार पुसायला लागायचे. खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, ही त्यांची जुनी रीत.

संशय हा गुण मी त्यांच्याकडूनच घेतला. दर संक्रांतीच्या सुमाराला ते आम्हाला पानिपतला, मराठे पडले त्या काला अंबच्या रणभूमीवर घेऊन जायचे. कारखान्याचा टेम्पो ग्यानसिंग चालवायचे. पहाटेच्या धुक्यात पुढचा ट्रक दिसायचा नाही, मागं आम्ही रजई पांघरून तिळाचे लाडू खात बसलेलो. स्मारकापाशी बाबा चपला काढून गप्प उभे राहायचे. परतताना म्हणायचे, "दिल्लीत राहायचं तर मागं नजर ठेवून राहायचं. आपला घात पाठीमागून होतो." ग्यानसिंग आरशातून बघून हसायचे. "साहब, गाड़ी तो मैं चला रहा हूँ. आप पीछे क्या देखेंगे?"

शेडमधले ऋतू मला बाहेरच्या ऋतूंपेक्षा जास्त आठवतात. हिवाळ्यात रंग वाळायचा नाही. सकाळी शेगडी पेटवून तिच्याभोवती गिटारी उभ्या करायच्या, आणि ग्यानसिंग त्यांना एकेक करून वळवत राहायचे, कुठल्या बाजूनं ऊब कमी लागली ते बघून. उन्हाळ्यात लू सुटली की रंग इतका भरभर वाळायचा की वरून तडे जायचे. आणि आंधी येताना दिसली की सगळे धावायचे, कारण ओल्या रंगावर धूळ बसली म्हणजे सगळं पुन्हा घासणं आलं. एका जूनमध्ये अशी आंधी चुकवता आली नाही. सहा लाल गिटारींवर राजस्थानची वाळू बसली. त्या न घासता ग्यानसिंगांनी वरून पारदर्शक रोगण मारलं. उन्हात त्या चमचमायला लागल्या. कॉलेजच्या पोरांनी त्या आठवड्यात नेल्या, आणि पुढे कितीतरी दिवस येणारे विचारत राहिले, वो चमकवाली है क्या?

अंगासाठी तुनीचं लाकूड. ते कापताना एक गोडसर वास सुटतो, तो माझ्या युनिफॉर्मला, वह्यांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा लागायचा. रंग मोटारी रंगवणाऱ्याकडचा, म्हणून क्रावी नेहमी कुठल्या तरी मोटारीच्या रंगाची असायची. चुंबक जामा मशिदीमागच्या भंगारातून आणलेल्या फौजी हेडफोनचे. बाबा ते एकेक करून खिळ्याला लावून बघायचे आणि भंगारवाल्यानं फसवलंय असं प्रत्येक वेळी म्हणायचे.

आणि आवाज आमच्या घरात तयार व्हायचा, नारायणा वस्तीतल्या दोन खोल्यांत, आईच्या शिवणाच्या मशीनवर.

विजेच्या गिटारीत तारांखाली एक कॉइल असते. चुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. ती नसेल तर अशी गिटार म्हणजे नुसती फळी. मशीनवर बॉबिन भरतात ना, तिथंच बाबांनी एक खुंटी बसवून दिली होती. आई पाय मारायची आणि तार बोटांतून सोडायची. वेढे मोजणार कसे? आई पाढे म्हणायची. बे एके बेपासून सुरू करून तीसपर्यंत, मग पावकी, मग निमकी. निमकी संपली की कॉइल भरली. साताऱ्याच्या शाळेत घोकलेले पाढे तिनं दिल्लीत असे कामाला लावले होते. मला ते कधी धड आले नाहीत. सतराच्या पुढं मी हिंदीत जायची.

आई डावखुरी. त्यामुळे तिची तार सगळ्या जगाच्या उलटी गुंडाळली जायची. शेवटी कॉइल सुटू नये म्हणून ती वरून सुती दोरा बांधायची, आणि तो कसा, तर मोगऱ्याचा गजरा बांधतात तसा, दोन बोटांत फास घेत घेत. तिचे गजरेही उलट्या फासाचे असत. शेजारच्या बायका चिडवायच्या, "इंदूताई, तुमचा गजरा आरशातून बांधल्यासारखा दिसतो."

कॉइल बसवली, तारा ताणल्या, की गिटार जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला जोडायची. रेडिओ तापायला वेळ लागायचा. सगळे हातातलं काम थांबवून उभे. ग्यानसिंगांना गिटार वाजवता यायची नाही. ते नुसता अंगठा मोकळ्या तारांवरून फिरवायचे, डोळे मिटून, आणि म्हणायचे, "आज भाभीजी को जल्दी थी." किंवा, "ये बड़े आराम से लपेटी है. कल घर में मेहमान नहीं थे." मी घरी येऊन आईला विचारायची, तर खरोखरच तसंच असायचं. बाबा मीटर लावून आकडे बघायचे. मी ग्यानसिंगांकडे बघायची. या माणसाला आमच्या घरातलं इतकं कसं कळतं, असं मला वाटायचं, आणि ते मला आवडायचं नाही.

मग लिरोना आली. दर्यागंजच्या एका दुकानदारानं काढलेली गिटार. अंग जाडजूड, रंग भडक, पण आवाज हुबेहूब आमचा. कॅनॉट प्लेसला एका दुपारी बाबांनी ती ऐकली आणि चहा अर्धा टाकून उठून आले. त्या दिवसापासून शेडमध्ये कुणी सरळ बोलेनासं झालं. बाबा बोलता बोलता थांबायचे आणि दाराकडे बघायचे. तारेचं रीळ कुलपात गेलं. रंगाऱ्याला काढलं, भंगारवाला बदलला. आवाज कुणीतरी बाहेर दिला होता, आणि कोण ते कळेपर्यंत बाबांना अन्न गोड लागणार नव्हतं.

मी एकोणीस वर्षांची. कॉलेजातून येताना बसच्या खिडकीतून मला ग्यानसिंग दिसले. दर्यागंजला, लिरोनाच्या दुकानाच्या पायऱ्या उतरताना. काखेत काहीतरी लांबट, कागदात गुंडाळलेलं. बस पुढं गेली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतके दिवस मला जे उगाच वाटत होतं, ते उगाच नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी बाबांना सांगितलं. आई पलीकडे मशीनवर होती, एकोणीसच्या पाढ्यात. माझं बोलणं संपलं तशी मशीन थांबली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली ती बे एके बेपासून. बिचारीला धक्का बसला, मोजणी चुकली, असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी बाबा मला साक्षीदार म्हणून शेडमध्ये घेऊन गेले. ग्यानसिंग गिटारीची एक मान घासत बसले होते. बाबा म्हणाले, "ग्यानसिंग, दर्यागंज गए थे?"

"गया था, साहब."

"लिरोनावाले के यहाँ?"

ते उठले. अंगावरचा भुसा झटकला. बाबांकडे न बघता माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "बेटी, तूने देखा मुझे?"

"हाँ. देखा."

"किसलिए गए थे?" बाबांचा आवाज चढला. "बोलो ना. किसलिए?"

ग्यानसिंगांनी माठातलं पाणी घेऊन हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून सावकाश. पटाशा एका कापडात गुंडाळल्या. दारापाशी थांबून म्हणाले, "बिटिया ने देखा है तो ठीक ही देखा होगा." आणि गेले. एवढंच. आपण चोर नाही, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. निर्दोष माणूस असा जातो का? मी तेव्हा हेच म्हटलं आणि पुढची पन्नास वर्षं हेच म्हणत आले.

क्रावी त्यानंतर काही वर्षं चालली म्हणायची. नव्या सुताराच्या माना पहिल्याच पावसात वाकल्या. आईनं डोळे दुखतात म्हणून कॉइल सोडली. बाबांनी ते काम पंख्याच्या मोटारी भरणाऱ्याला दिलं, आणि आवाज गेला तो गेलाच. गंमत म्हणजे त्याच सुमाराला लिरोनाचाही आवाज गेला. तेव्हा मी म्हणाले होते, चोरीचा माल पचला नाही त्यांना. पुढे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आले, पोरांना गिटार नकोशी झाली, शेड एका सोफेवाल्यानं घेतली. चौऱ्याऐंशीत शिखांची घरं जाळली गेली ते वाईट दिवस आले, तेव्हा बाबांनी टिळकनगरला जाऊन यायला हवं होतं. चपला घालून दोनदा दारापर्यंत गेले आणि परत खुर्चीत येऊन बसले. आता बाबाही नाहीत.

"आंटी, चाय ठंडी हो गई," हरप्रीत म्हणाली.

मी चादरीची गाठ सोडली. आत क्रावी नव्हती. लिरोना होती. हिरवी, जाडजूड, तारा कधी चढवलेल्याच नाहीत.

हा घ्या पुरावा! माळ्यावर लपवून ठेवलेला, तोंडानं कबूल न केलेला. हरप्रीत भाबडेपणानं बघत होती. तिला दोन्ही गिटारींतला फरक ठाऊक नव्हता. मी म्हटलं, जरा बघते हं, आणि स्क्रूड्रायव्हर काढला. कशासाठी उघडत होते? पुरेपूर खात्री करायला. मला खात्री झाली तरी आणखी थोडी लागते.

चार स्क्रू निघाले. कॉइल वर आली. तार उलटी गुंडाळलेली होती. वरून सुती दोरा, पिवळा पडलेला, आणि त्याला दोन बोटांत घेतलेले फास, एकामागे एक, सगळे उलट्या बाजूला कललेले.

तो गजरा मी डोळे मिटूनही ओळखला असता. मी स्क्रू परत बसवायला घेतले. एक खाली पडला, तो हरप्रीतनं शोधून दिला. "क्या हुआ, आंटी? ख़राब है?"

"नहीं बेटा, बिल्कुल ठीक है," मी म्हटलं, आणि गिटार घेऊन पळ काढल्यासारखी निघाले. तिथं खरं बोलण्याचं धैर्य मला झालं नाही. मेट्रोत ती हिरवी गिटार मांडीवर घेऊन बसले आणि शोधत राहिले, दुसरा काही अर्थ निघतो का. कुणी आमचीच कॉइल काढून हिच्यात बसवली असेल का? आईचा हात कुणी शिकून घेतला असेल का? एवढा संशय मी कुणाच्या बाजूनं आयुष्यात कधी घेतला नव्हता.

घरी आई खिडकीपाशी उन्हात बसली होती. मी गिटार तिच्या मांडीवर ठेवली आणि कॉइल उघडून दाखवली. तिला फारसं दिसत नाही. तिनं बोट फिरवलं, फासावरून, एकदाच.

"कुठं मिळाली?"

"ग्यानसिंगांच्या माळ्यावर. आई, लिरोनाच्या कॉइल तू करत होतीस?"

"काही महिने केल्या. दुपारी. तू कॉलेजात, हे शेडमध्ये." तिचा आवाज जराही हलला नाही. "तो दुकानदार क्रावी उघडून घेऊन आला होता घरी. म्हणाला, ये किसका हाथ है? मी म्हटलं, माझा. त्यानं हात जोडले गं. ह्यांनी कधी विचारलं नव्हतं. तार आणून ठेवायचे आणि भरलेली घेऊन जायचे."

"आणि ग्यानसिंग?"

"त्यांनी ऐकली एके ठिकाणी लिरोना. माझा हात त्यांना लगेच कळला. म्हणून दुकानात जाऊन एक विकत घेतली, तिथंच उघडून बघितली, आणि त्या दुकानदाराला सांगून आले की भाभीजींना पुन्हा काम द्यायचं नाही, घरी कळलं तर त्यांचं अवघड होईल. मला येऊन इतकंच म्हणाले, अब बंद हो गया, भाभीजी, आप फ़िक्र मत करो. त्याच दिवशी तुला ते दिसले."

मी खाली जमिनीवर बसले. "मग तू बोलली का नाहीस? मी चहाच्या वेळी सांगत होते तेव्हा? दुसऱ्या दिवशी?"

"भ्यायले," आई म्हणाली. "आणि मग ते गेले. गेल्यावर बोलायचं कुणाशी? मला वाटलं ते सांगतील. रोज वाट बघितली, आज सांगतील, उद्या सांगतील. तू बोललीस आणि मी बोलले नाही. दोघींनी मिळून घालवलं त्यांना."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. स्वतःचा आला, आणि लाज वाटली, इतकी की तोंड वर करवेना. बसच्या खिडकीतून मी जे पाहिलं ते अगदी खरं होतं. माणूस, दुकान, पायऱ्या, कागदात गुंडाळलेली गिटार, सगळं. त्यात एक गोष्ट मी माझ्याकडची घातली होती, आणि ती घालताना मला आनंद झाला होता.

मी हरप्रीतला फोन लावला. लावला म्हणजे तीनदा नंबर काढला आणि चौथ्यांदा लावला. म्हटलं, बेटा, तुझ्या पापाजींनी काही केलं नव्हतं. चूक आमच्या घरातली होती, आणि त्यांच्यावर आळ मी घेतला होता. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते आमच्यासाठी गप्प राहिले. हिंदीत हे बोलताना मी दोनदा अडखळले.

मग ती हळू म्हणाली, "मम्मी को नहीं पता था, आंटी."

"क्या?"

"मम्मी तो आख़िर तक यही मानती रहीं कि पापाजी ने किया था. मोहल्ले में सबने कहा था ना. मम्मी ने बरसों उनसे ठीक से बात नहीं की. एक ही घर में. पापाजी ने उनको भी नहीं बताया?"

मी फोनवर हात ठेवून आईकडे वळले.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं. मी तिला शब्द न शब्द सांगितला. सांगताना वाटत होतं, हिला हे आता सोसेल का. आईनं हात पुढे केला.

"फोन दे माझ्याकडे."

"आई, नको. मी बोलते तिच्याशी."

"तू पुष्कळ बोललीस," आई म्हणाली. "दे."

मी फोन दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, उलटा धरला होता तो मी सरळ करून दिला, आणि साठ वर्षं दिल्लीत राहून जेवढी हिंदी आली होती तेवढ्या हिंदीत ती मोठ्यानं म्हणाली, "हरप्रीत बेटा, वो मैंने किया था. तेरे पापा ने नहीं. मैंने."